बारा ड्रायव्हर की एक? महागडे इअरफोन ऐकून कसे तोलायचे

गाण्याच्या मैफलीत एक दृश्य हमखास दिसतं. गायक षड्ज लावतो, डोळे मिटतो, मग एक डोळा किलकिला करून साउंडवाल्याकडे बघत तर्जनी वर करतो. मॉनिटरला तानपुरा वाढवा. समोर बसलेल्या आपल्याला वाटतं, तानपुरा तर छान येतोय. पण आपल्याला येतो तो बाहेरच्या मोठ्या स्पीकरमधून. गायकाला येतो तो त्याच्यापुढे ठेवलेल्या तिरक्या स्पीकरमधून. त्या तिरक्याला म्हणतात मॉनिटर.

तोच कानात बसवला की झाला इन-इअर मॉनिटर, म्हणजे आयईएम. रॉकच्या स्टेजवर इतका गोंगाट असतो की पायापाशी ठेवलेला स्पीकर कितीही वाढवला तरी पुरत नाही. १९९५ मध्ये व्हॅन हेलन या अमेरिकन बँडच्या साउंड इंजिनिअरने, जेरी हार्वीने, ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनसाठी कानाच्या मापाचे मॉनिटर बनवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. त्याआधी चार वर्षं, १९९१ मध्ये, मीड किलियन यांच्या ईटिमोटिक रिसर्चने ईआर-४ हा इअरफोन आणला होता. त्याची नाळ श्रवणयंत्रांशी जुळलेली. एक घराणं स्टेजचं, दुसरं कानाच्या डॉक्टरकीच्या शेजारचं. आजचे महागडे आयईएम या दोन्ही घराण्यांची तालीम घेऊन आलेत.

माझा एक मित्र पेटी वाजवतो. त्याने मागच्या वर्षी सिक्स्टीफोर ऑडिओचा यू१२टी सेकंडहँड घेतला. नवा घेतला तर दोन हजार डॉलरच्या घरात जातो. आठवडाभरातच त्याचा फोन आला. "अरे, फसलो बहुतेक. खर्जच नाही यात." त्याच सुमाराला ओळखीतल्या एकाकडून सेनहायझरचा आयई ९०० पंधरा दिवसांसाठी हाती आला. तो बाजारात आला २०२१ मध्ये, सुमारे तेराशे डॉलरला. माझा स्वतःचा अठरा हजारांचा सेट होताच. मग आम्ही दोघं तीन रविवार तीन सेट घेऊन बसलो.

आधी पोटात काय असतं ते बघू. आयई ९०० मध्ये प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, सात मिलिमीटरचा, डायनॅमिक जातीचा. डायनॅमिक म्हणजे आपला नेहमीचा स्पीकरच, पण चिमुकला: एक पडदा, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी, मागे चुंबक. यू१२टी मध्ये प्रत्येक कानाला बारा ड्रायव्हर, आणि ते बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे. यात चुंबकांच्या मधोमध एक बारीक धातूची पात थरथरते आणि तिला जोडलेली काडी एका इवल्या पडद्याला हलवते. ही युक्ती इअरफोनमध्ये श्रवणयंत्रांतूनच आली. अशी एक डबी साऱ्या सप्तकांत सारख्याच ताकदीने चालवणं अवघड, म्हणून कामं वाटून देतात. यू१२टी मध्ये चार खर्जाला, सहा मध्याला, एक त्याच्या वर आणि एक अगदी टोकाच्या तारतेला. बारा माणसं कामाला लावली म्हणून काम बारापट होत नाही, हे कुठल्याही ऑफिसात जाणाऱ्याला सांगायला नको. ती बारा एकमेकांच्या पायात न येता चालली पाहिजेत, आणि ते जमवणं हेच खरं कसब. म्हणून खोक्यावरचा ड्रायव्हरचा आकडा मी वाचतो आणि सोडून देतो.

पहिला रविवार फुकट गेला. आम्ही फोनचा आवाज एकाच खुणेवर ठेवून सेट बदलत होतो आणि दोघांचंही एकमत होत होतं की आयई ९०० जिवंत आहे आणि यू१२टी झोपलाय. चहाच्या दुसऱ्या पेल्यापर्यंत लक्षात आलं की जो सेट मोठ्याने वाजतोय तोच आपण चांगला म्हणतोय. तेवढ्याच विजेवर प्रत्येक आयईएम वेगवेगळ्या जोराने वाजतो. फरक अर्ध्या-एक डेसिबलचा असला तर कानाला "हा मोठा आहे" असं कळत नाही, "हा छान आहे" असं कळतं. त्यातून आणखी एक गोम आहे. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, आवाज वाढवला की खर्ज वर येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच याचे आलेख मांडले होते. म्हणजे आवाज समान नसेल तर आपण दोन इअरफोन तोलतच नाही, व्हॉल्यूमचं बटण तोलतो. दुसऱ्या रविवारी आम्ही एका बातमीदाराच्या बोलण्यावर आवाज जुळवून घेतला, प्रत्येक सेटचा व्हॉल्यूम कागदावर लिहिला आणि मग गाण्याला हात लावला. हे परिपूर्ण नाही, पण आधीच्या रविवारपेक्षा लाखपट बरं.

आता मुख्य गोष्ट. इथे जरा थांबू, कारण बाकी सगळी भांडणं हिच्यातूनच निघतात.

समोर कोणी गात असेल तर तो आवाज आपल्या कानाच्या पडद्यापर्यंत जसाच्या तसा पोचत नाही. कानाची पाळी, तिचा खळगा आणि सुमारे अडीच सेंटिमीटरची नळी त्याला वाटेत रंगवतात. एका टोकाला बंद असलेली कुठलीही नळी एका ठराविक सुराला घुमते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून बघा. आपल्या कानाची नळी घुमते तीन हजार हर्ट्झच्या आसपास, आणि तिथला आवाज दहा-पंधरा डेसिबलने उचलला जातो. जन्मापासून आपण असंच ऐकत आलोय, म्हणून हेच आपल्याला नैसर्गिक वाटतं. आयईएम मात्र पाळीला वळसा घालून थेट नळीत शिरतो आणि तिचं तोंड बुजवतो. निसर्गाने दिलेली ती उचल गेली. आता ती बनवणाऱ्याने स्वतः घालायची.

किती घालायची, यावरून सगळा वाद. तीन हजारांपाशी कमी घातली तर गाणारा दोन पावलं मागे सरकतो, आवाज ऊबदार आणि जरा गुळगुळीत वाटतो. जास्त घातली तर तार षड्ज कपाळात जातो. हर्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच लोकांना ऐकवून, त्यांची पसंती विचारून, कुठला सूर किती जोरात वाजावा याचा एक सरासरी आलेख काढला. त्यात ही उचल भरपूर आहे आणि खर्जही उचललेला आहे. पुष्कळ कंपन्या त्याच्या आसपास आपला सेट बसवतात. पण सरासरी म्हणजे वरणात घातलेलं मीठ: बहुतेकांना चालतं, काहींना लागतं आणखी.

यू१२टी या उचलीत हात आखडता घेतो. म्हणून पहिल्यांदा तो झोपल्यासारखा वाटला, आणि म्हणूनच तासभर ऐकल्यावर कान दमले नाहीत. आयई ९०० खोल खर्ज चांगलाच उचलतो आणि वरच्या टोकालाही चमक देतो. मधला आवाज स्वच्छ, पण थोडा मागे. ढोलकी लागली की हसू येतं. पेटी लागली तेव्हा मात्र माझा मित्र म्हणाला, "ही माझी पेटी नाही. हिचे सूर जरा पॉलिश केलेत." पेटीवाल्याच्या कानावर या बाबतीत मी विश्वास ठेवतो.

ऐकायला काय लावायचं? परीक्षकांच्या याद्यांत ठरलेली इंग्रजी गाणी असतात. मी तानपुरा लावतो. नुसता तानपुरा, गाणं नाही. मिरजेत तो पिढ्यान्‌पिढ्या घडवला जातो आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मी तो निवडतो अभिमानासाठी नाही, तर तो ऐकण्याची फूटपट्टी आहे म्हणून. काळी एकचा षड्ज धरला तर तो सुमारे १३८ हर्ट्झ, आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९ च्या आसपास. ही तार छेडल्यावर तिच्या पोटातून पाचवा अंश, म्हणजे तिच्या पाचपट कंपनांचा सूर, निघतो, सुमारे ३४६ हर्ट्झचा, तोच आपला स्वयंभू गंधार. कोणी वाजवत नाही, तरी ऐकू येतो. आणि या सगळ्यावर जवारीचा झणकार. घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवर तार घासत थरथरते, खाली दोरा बसवलेला असतो, आणि त्यातून वरच्या अंशांचा जो झरा सुटतो तो कित्येक हजार हर्ट्झपर्यंत जातो. सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी याच गोष्टीवर लिहून ठेवलंय.

तर एका तानपुऱ्यात खालपासून वरपर्यंत सगळं आहे. खर्जाच्या तारेला वजन आहे का? गंधार शोधावा लागतो की आपोआप येतो? झणकार रेशमी आहे की त्यात पत्र्याची छटा आहे? आस, म्हणजे छेडल्यानंतर उरणारा सूर, विरत जाताना शेवटपर्यंत ऐकू येतो का मध्येच कापला जातो? यू१२टी वर गंधार लगेच आला आणि आस लांबवर ऐकू आली. आयई ९०० वर खर्जाची तार छातीला लागली आणि झणकार जास्त लखलखला, एका विशिष्ट जागी जरा जास्तच. माझ्या अठरा हजारांच्या सेटवर तिन्ही गोष्टी होत्या, झणकाराचं वरचं टोक मात्र बोथट.

दुसरी परीक्षा डग्ग्याची. घिस्सा मारताना, म्हणजे मनगट डग्ग्यावर घासत नेताना, सूर वर चढतो, तो चढताना सलग ऐकू यायला हवा. काही सेटवर तो एका पायरीवर अचानक फुगतो. तिसरी परीक्षा तर फुकट आहे. कोणीतरी मराठी बोलणारं लावा. आपल्या भाषेत श, स, च, छ यांची रेलचेल. पाच ते नऊ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात कुठे उंचवटा असेल तर "स्वच्छ", "सशास", "चोच" असे शब्द सुई टोचल्यासारखे लागतात.

आता मित्राच्या तक्रारीकडे येतो, खर्ज नसल्याच्या. यू१२टी हातात घेतला आणि मला टिप्स दिसल्या, म्हणजे कानात बसणाऱ्या त्याच्या मऊ टोप्या. जुन्या मालकाने कुठल्या तरी लहान मापाच्या सिलिकॉन टिप्स लावून दिल्या होत्या. मित्राचे कान मोठे. टिप नळीला घट्ट बसली नाही की फटीतून हवा निसटते, आणि सगळ्यात आधी निसटतो तो खर्ज. सायकलच्या पंपाचा वायसर गेल्यावर जे होतं तेच. मी माझ्या खिशातल्या डबीतून मोठ्या तोंडाच्या, एक माप मोठ्या टिप्स काढून दिल्या. त्याने त्या लावल्या, जबडा दोनदा हलवला, तानपुरा लावला. काही बोलला नाही. मग हळूच, "हं."

टिपचा दुसरा परिणाम याहून लबाड आहे. टिपच्या टोकापासून कानाच्या पडद्यापर्यंत जी बंद हवा उरते ती स्वतःच घुमते. हे अंतर २१ मिलिमीटर असेल तर साधारण ८,२०० हर्ट्झला; चार मिलिमीटर आत ढकललं, म्हणजे १७ उरले, तर १०,१०० च्या आसपास. म्हणजे तोच सेट, तेच गाणं, नुसतं बोटाने जरा आत दाबलं तर श-स चा काटा एका जागेवरून दुसरीकडे सरकतो. आयई ९०० वर मला जो झणकार "एका जागी जास्त" वाटला, तो थोडा आत सरकवल्यावर निम्मा निवळला. माझ्या कानात टोचणारा सेट तुमच्या कानात टोचेलच असं नाही, याचं कारण तुमचा कान कमी नाजूक आहे हे नव्हे. तुमची नळी वेगळ्या लांबीची आहे.

नेटवर दिसणारे आलेखही याच अडचणीत सापडतात. ते बहुतेक एका प्रमाणित धातूच्या नळीवर मोजलेले असतात. आयईसी ६०३१८-४ हे तिचं नाव, जुनी मंडळी अजून ७११ च म्हणतात. दोन सेट एकाच नळीवर मोजले असतील तर ताडून बघायला उत्तम. पण आठ हजारांपाशी जो सुळका सगळ्याच आलेखांत दिसतो तो पुष्कळदा त्या नळीचा असतो, इअरफोनचा नाही. मी त्या सुळक्याच्या अलीकडचा आलेख वाचतो. त्यापुढे डोळे बंद, कान उघडे.

एक फजिती सांगायलाच हवी. दुसऱ्या रविवारी मी माझ्या सेटबद्दल मोठ्या ठामपणे म्हणालो, डावीकडचा तबला मागे आहे, प्रतिमा उजवीकडे झुकते, इमेजिंग, म्हणजे कुठलं वाद्य कुठे आहे हे दाखवणं, कच्चं. मित्राने डावा तुकडा उजेडात धरला. जाळीवर मळ. टूथपिक आणि कोरडा ब्रश, दोन मिनिटं, आणि इमेजिंग पक्कं झालं.

कशाला जोडता यानेही फरक पडतो, पण सगळ्यांना नाही. प्रत्येक आयईएमचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडसर, काही ओहम असतो. बॅलन्स्ड आर्मेचरच्या पुष्कळ सेटमध्ये तो सूर बदलेल तसा बदलतो. समजा एका जागी ८ ओहम आणि दुसऱ्या जागी ४०. तुमच्या अँप्लिफायरचा स्वतःचा अडसर १० ओहम असेल, तर या दोन जागांत पाच डेसिबलचा फरक पडतो. १ ओहम असेल तर एक डेसिबलही नाही. पाच डेसिबल म्हणजे वेगळाच इअरफोन. कॅम्पफायर ऑडिओचा अँड्रोमेडा हा सेट या स्वभावासाठी ओळखला जातो, आणि त्याच्या इतक्या परस्परविरोधी परीक्षणांमागे हेही एक कारण असावं. यू१२टी मध्ये इम्पिडन्स मुद्दाम सपाट ठेवलाय, म्हणून तो फोनला इअरफोन जोडायच्या छोट्या, स्वस्त डाँगलवरही आपला रंग बदलत नाही. केबलचं म्हणाल तर तांब्याची जाऊन चांदीची आली की आवाज उजळतो असं सांगणारे मला दरवेळी भेटतात. त्यांचा आदर आहे. मी चांदी ताटात ठेवतो.

आणि मग परीक्षणांतले ते शब्द. रिझोल्यूशन, डिटेल, साउंडस्टेज. यातले बरेचसे वर सांगितलेल्या आलेखाचीच रूपं आहेत. वरचं टोक जरा उचललं की श्वास, नख्या, तारेवरची बोटं पुढे येतात, आणि आपण म्हणतो डिटेल. तीन हजारांपाशी जरा दाबलं की गाणारा लांब जातो, आणि आपण म्हणतो स्टेज मोठं. कानात बुजवलेल्या यंत्रातून खरोखरीचं सभागृह येणं अवघडच. आवाज डोक्याच्या आत किंवा कानाच्या वीतभर बाहेर, एवढीच त्याची झेप. टिंबर हा शब्द मात्र मला कामाचा वाटतो. पेटी पेटीसारखी वाटते का, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्याचं उत्तर पेटी ऐकलेला कोणीही देऊ शकतो.

मग पैसे कशाचे? येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोन-इअरफोनच्या मोजमापांची किमतीशी सांगड घालून पाहिली. आलेखाचा आणि किमतीचा काही संबंध त्याला आढळला नाही. किंमत चढली म्हणून आलेख सुधारला असं नाही, आणि स्वस्त म्हणून बिघडला असंही नाही.

तिसऱ्या रविवारी आम्ही हे आपल्यापुरतं करून पाहिलं. एकाच ठिकाणी मोजलेले दोन आलेख घेतले आणि माझा अठरा हजारांचा सेट इक्वलायझरने, म्हणजे खर्ज-तार वेगवेगळे कमीजास्त करणाऱ्या सोयीने, यू१२टी च्या वळणावर आणला. आवाज जुळवला. आंधळी परीक्षा मात्र नीट जमली नाही, कारण डोळे मिटले तरी कानात घालताना बोटांना वजन कळतं. आणि डोळ्यांना किंमत दिसली की कान फितूर होतात. हर्मनच्याच लोकांनी १९९४ मध्ये स्पीकर उघडे आणि पडद्याआड ठेवून हे दाखवून दिलं होतं. तेव्हा आमचं म्हणणं थोडी शंका ठेवूनच घ्या. आम्हाला जो फरक आधी जमीन-अस्मानाचा वाटत होता तो बराचसा पुसला गेला. उरलं ते दोन ठिकाणी. एक, झणकाराचं अगदी वरचं टोक, जिथे माझा सेट कितीही ढकलला तरी पोचेना. दोन, पखवाज, टाळ, पेटी आणि चार गळे एकदम आले की यू१२टी मध्ये टाळ टाळांच्या जागी राहतात; माझ्यात ते गळ्यांवर सांडतात. हे ड्रायव्हरमुळे, की वरच्या टोकाचा आलेख न जुळल्यामुळे? माझा कल दुसऱ्या कारणाकडे आहे. मित्राचा पहिल्याकडे, पण त्याने पैसे घातलेत.

माझा हिशेब असा. वीस-पंचवीस हजारांपर्यंत दर टप्प्याला कानाला काहीतरी हाती लागतं. त्यापुढे तुम्ही घेता ती एक विशिष्ट चव, शिवाय अंगबांधणी, दोन्ही तुकड्यांचा चोख मेळ आणि दुरुस्तीची सोय. चव आवडली तर घ्यावी, त्यात लाज कसली. दुकानात जाताना मात्र स्वतःच्या टिप्स, स्वतःचा फोन आणि फोनमध्ये उतरवलेला तानपुरा घेऊन जा, आणि एका सेटला वीस मिनिटं तरी द्या. पहिल्या दोन मिनिटांत चमकणारा जिंकतो. आवाज बेताचा ठेवा; जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि आयईएम बाहेरचा गोंगाट अडवतो, त्यामुळे ती पाळणं खरं तर सोपं जातं.

मित्राने यू१२टी विकायचा बेत रद्द केला. आता रोज रात्री ऐकतो म्हणे. माझ्या टिप्स अजून परत आलेल्या नाहीत.